बाँडेड गोळी कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला आणि शिमग्याला गावची घरं भरतात. मुंबईचे चाकरमानी येतात तसे केपटाऊन, मेलबर्न, ऑकलंड, टेक्ससचे पाहुणेही येतात. ओटीवर चहा झाला की कुणीतरी मोबाइलवरचं शिकारीचं चित्रण पुढे करतं आणि विचारतं, "ही बाँडेड गोळी म्हणजे काय हो? घ्यावी का?" रायफल नेमबाजी शिकवत असल्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काही परदेशात राहतात, तिथला परवाना काढून रीतसर शिकारीला जातात. काही इथेच असतात, त्यांच्या घरी शेती संरक्षणाची बंदूक असते आणि भातात डुकरं घुसलेली असतात. दोघांची उत्तरं एकाच पानावर लिहितोय, पण ती एकमेकांत मिसळू नका.

आधी सांगा, कोकणात या गोळीने शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. कायद्याच्या व्याख्येत नुसता बार टाकणं म्हणजेच शिकार असं नाही. सापळा लावणं, फासकी लावणं, आमिष ठेवणं, रान उठवून जनावर हाकणं, यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच आहे. त्यामुळे "आम्ही फक्त हाक्याला गेलो होतो, बंदूक दुसऱ्याची" हा बचाव चालत नाही. गवा आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीत किमान शिक्षाच तीन वर्षांची आहे, ती सात वर्षांपर्यंत जाते.

मुरुडजवळचं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. जुन्या शिकारकथा ऐकायला छान वाटतात. त्या काळात परत जायची वाट नाही, आणि माझ्या मते नसलेलीच बरी.

खाली जिथे जिथे सांबर, रोही (नीलगाय), कुडू (आफ्रिकेतलं मोठं हरण) यांच्या शिकारीबद्दल लिहिलंय ते त्या त्या देशातल्या परवानाधारकासाठी आहे.

बाँडेड गोळी म्हणजे नेमकं काय?

शिकारीच्या साध्या गोळीत दोन भाग असतात. आत शिशाचा गाभा आणि बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ जॅकेट. शिसं जड आणि मऊ असतं, ते फुलतं. जॅकेटमुळे नळीतल्या आट्यांवरून, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांवरून, जाताना शिसं सोलून निघत नाही. साध्या गोळीत हा गाभा जॅकेटमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो, चिकटलेला नसतो. जोरात हाडावर आपटलं की जॅकेट एकीकडे आणि शिसं दुसरीकडे जाऊ शकतं.

बाँडेड गोळीत या दोन धातूंचा सांधा प्रत्यक्ष जोडलेला असतो. एक पद्धत म्हणजे फ्लक्स घालून, उष्णता देऊन गाभा जॅकेटला आतून डकवणं. तांब्याच्या भांड्याला नवसागर टाकून कल्हई करताना कथील जसं धातूला धरतं, तसंच काहीसं. दुसरी पद्धत म्हणजे शिशाच्या गाभ्यावर विजेने तांब्याचा थर चढवणं. फेडरल कंपनीची फ्यूजन गोळी अशी बनते. कोणतीही पद्धत घ्या, गोळी फुलली तरी तिचं कवच आणि गाभा सोबत राहतात आणि बरंचसं वजन शाबूत राहतं.

गोळी फुटली म्हणून काय बिघडलं? जनावर तर मरतंच ना?

लहान जनावराला फार काही बिघडत नाही. हरणाच्या फासळीत साधी गोळी फुटली तरी फुप्फुसाचा चोथा होतो आणि जनावर थोड्या अंतरात पडतं. प्रश्न येतो तो जाड खांद्याच्या, मोठ्या हाडाच्या, जाड कातडीच्या जनावरात. तिथे गोळी वरच्यावर फुटली तर मोठी पण उथळ जखम होते. हृदय, फुप्फुसं सुखरूप राहतात. असं जनावर कोसभर पळतं आणि दोन दिवसांनी कुठल्यातरी पऱ्ह्यात मरतं.

शिकारीच्या गोळीला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. तिने फुलायचं असतं आणि खोलही जायचं असतं. जास्त फुलली की खोली कमी होते. अजिबात फुलली नाही तर आरपार निघून जाते आणि मागे बारीक भोक ठेवते. लष्करी गोळी मुद्दाम न फुलणारी असते, कारण १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. त्याआधी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात नाक उघडी ठेवलेल्या गोळ्या बनत, म्हणून जगभर त्या गोळीचं नाव 'डमडम' पडलं. शिकारीत उलटं आहे. फुलणारी गोळी वापरणं हीच तिथली रीत, आणि बऱ्याच ठिकाणी तोच कायदा.

बाँडेड गोळी या ओढाताणीतला एक तोडगा आहे. ती एकमेव तोडगा नाही, हे ध्यानात ठेवा.

१६५ ग्रेन, १८० ग्रेन हे काय प्रकरण आहे?

ग्रेन हे वजन आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. आपल्याकडचा जुना तोळा इंग्रजांनी १८३३ मध्ये बरोबर १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तेव्हा १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा शिसं-तांबं. दागिन्यांच्या दुकानातला आजचा दहा ग्रॅमचा 'तोळा' वेगळा, त्याने हिशोब करू नका.

जाडी तीच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते आणि जास्त खोल जाते. बाँडेड गोळीचा खरा फायदा इथे दिसतो. ती वजन राखते, त्यामुळे साध्या १८० ग्रेनच्या जागी बाँडेड १६५ चालून जाते. वेग थोडा वाढतो, धक्का थोडा कमी होतो.

मग घ्यावी का नाही, एका वाक्यात सांगा.

गोळी जनावराला लागेल तेव्हा तिचा वेग खूप असेल आणि समोर जनावर मोठं असेल तर घ्या.

एका वाक्यात नको, नीट सांगा.

बरं. लोक काडतुसाचं नाव आणि डब्यावरचं चित्र बघून गोळी निवडतात. मी आधी तीन गोष्टी विचारतो: जनावर कोणतं, अंतर किती, आणि त्या अंतरावर गोळीचा वेग किती उरणार.

समजा रायफल .३०८ विंचेस्टर आहे. हे काडतुसाचं नाव, त्यातला आकडा म्हणजे साधारण गोळीची इंचातली जाडी. १८० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण २,६०० फूट वेगाने निघते, दोनशे यार्डांवर २,२०० च्या आसपास येते. या वेगाला चांगली साधी गोळी व्यवस्थित काम करते. मध्यम हरणाला, डुकराला बाँडेडची गरज नाही, पैसे वाचवा. बाँडेडचा डबा बहुतेक वेळा साध्याच्या दीडपट-दुप्पट किमतीला पडतो. त्या पैशात सरावाची काडतुसं घेतलीत तर जास्त उपयोग.

आता तीच गोष्ट .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये, म्हणजे जास्त दारूच्या वेगवान काडतुसात, बघा. गोळी २,९०० च्या वर निघते. घनदाट झाडीत पन्नास यार्डांवर जनावर उभं राहिलं तर जवळजवळ तोच वेग खांद्यावर आदळतो. साध्या गोळीची खरी परीक्षा अशा वेळी होते. लोकांना वाटतं लांबचा बार कठीण. नेमबाजाला तो कठीण असतोच, पण गोळीच्या जिवाला जवळचा बार जड जातो. ज्याच्या हातात मॅग्नम आहे आणि जो दाट रानात फिरतो, त्याने बाँडेड घेतलीच पाहिजे असं माझं मत आहे.

तिसरा प्रसंग म्हणजे तिरका बार. जनावर आडवं उभं असेल तर फासळीतून दीड वीत गेलं तरी पुरतं. तिरकं उभं असेल तर पोटाच्या मागून शिरून पुढच्या खांद्यापर्यंत जावं लागतं. असा बार टाकूच नये हे उत्तम. पण जखमी जनावर पळत असताना दुसरा बार जसा मिळेल तसा टाकावा लागतो, आणि तेव्हा खोल जाणारी गोळी नळीत असावी.

हे डोकं कुणी लढवलं?

गोळी फुटण्याचा त्रास जुना आहे. अमेरिकेत जॉन नॉस्लर यांची गोळी १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मोठ्या मूसवर (तिकडचं भलंमोठं हरण) कमी खोल गेली. त्यातून त्यांनी पार्टिशन नावाची गोळी बनवली, ती १९४८ पासून विकायला आली. तिच्या पोटात मधोमध तांब्याची भिंत असते. पुढचा भाग फुलतो, झिजतो, मागचा तसाच राहतो. ध्यानात घ्या, पार्टिशन बाँडेड नाही. तरीही ती आजवर टिकून आहे, यावरून तोडगा एकच नाही हे कळावं.

शिसं तांब्याला डकवण्याचा मार्ग आयडाहोतल्या बिल स्टायगर्स यांनी बिटररूट बाँडेड कोअर या गोळीत धरला. पुढे टेक्ससचे जॅक कार्टर यांची ट्रॉफी बाँडेड बेअर क्लॉ आली. स्विफ्टची ए-फ्रेम मधली भिंत आणि बाँडिंग दोन्ही वापरते. स्वीडनच्या नॉर्माची ओरिक्स, ऑस्ट्रेलियाच्या वुडलेची वेल्डकोअर, नॉस्लरची ॲक्यूबाँड ही आज जास्त ऐकू येणारी नावं.

नावांत गोंधळ होतो. डबा कसा ओळखायचा?

हॉर्नाडीची इंटरलॉक आणि इंटरबाँड या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. इंटरलॉकमध्ये जॅकेटला आतून कडं असतं, गाभा अडकून राहावा म्हणून, पण ती बाँडेड नाही. रेमिंग्टनची साधी कोअर-लॉक्ट वेगळी आणि कोअर-लॉक्ट अल्ट्रा बाँडेड वेगळी. दुकानदार घाईत "एकच आहे हो" म्हणतो. डब्यावर 'बाँडेड' छापलेलं आहे का तेवढं बघा.

भावोजी मेलबर्नला असतात. तिथे सांबराची शिकार चालते म्हणतात, खरं का?

खरं आहे. १८६० च्या दशकात व्हिक्टोरियात सांबर नेऊन सोडली गेली, ती तिथल्या डोंगरांत वाढली. तिथे ती बाहेरून आलेली प्रजात आहे, शिकारीला परवाना मिळतो. आपल्या सह्याद्रीत जे जनावर वाघाचं भक्ष्य म्हणून जपायचं, तेच तिथे झाडोऱ्याचं नुकसान करतं म्हणून कमी करायचं असतं.

व्हिक्टोरियाच्या नियमानुसार सांबरासाठी रायफल किमान .२७० कॅलिबरची आणि गोळी किमान १३० ग्रेनची लागते. ही कायद्याची खालची पायरी झाली. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो, आणि तिथे झाडी दाट असल्यामुळे अंतर बरेचदा शंभर यार्डांच्या आत असतं. बाँडेड गोळी ज्या कामासाठी बनवली तेच हे काम. .२७० मध्ये १५० ग्रेनची बाँडेड, .३०८ किंवा .३०-०६ मध्ये १६५ किंवा १८०. भावोजींकडे .३०८ असेल आणि खिसा आखडता असेल तर १८० ग्रेनची चांगली साधी गोळीही चालेल, फक्त खांद्याचं मोठं हाड टाळून त्याच्या लगेच मागे नेम धरावा.

गोळीपेक्षाही तिथे हुशार कुत्रा आणि रक्ताचा माग काढता येणं जास्त कामाला येतं. त्या झाडीत सांबर वीस पावलांवर मरून पडलं तरी दिसत नाही.

टेक्ससमधल्या पुतण्याने रोहीच्या शिकारीचं बुकिंग केलंय.

आपल्याकडे विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय. १९२० आणि ३० च्या दशकांत दक्षिण टेक्ससमधल्या किंग रँचवर ती सोडली गेली आणि तिथे मोकळी फिरू लागली. नराचं वजन अडीच क्विंटलच्या आसपास, मानेवर आणि खांद्यावर जाड कातडी, आणि जीव चिवट. रक्तही कमी सांडतं, म्हणून माग काढणं अवघड. तिथले वाटाडे .३०० मॅग्नम किंवा त्यापुढची रायफल आणि मजबूत गोळी सांगतात, ते उगाच नाही. पुतण्याला म्हणावं, बाँडेड नाहीतर पूर्ण तांब्याची घे, १८० ग्रेनच्या खाली उतरू नकोस, आणि आरपार गेली तर उत्तमच, कारण दोन भोकांतून माग सापडतो.

आमचे नातेवाईक केपटाऊनला. तिथे एका फेरीत स्प्रिंगबॉकपासून कुडूपर्यंत सगळं असतं. एकच गोळी पुरेल?

हबसाणातली, रत्नागिरीतली कितीतरी कोकणी मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या केपटाऊनला आहेत, त्यामुळे हा प्रश्न म्हसळा-मुरुडकडून बरेचदा येतो. उत्तर असं: मोठ्या जनावराप्रमाणे गोळी निवडा. कुडू, जेम्सबॉक, निळा विल्डेबीस्ट यांना पुरणारी बाँडेड गोळी स्प्रिंगबॉकलाही मारते. फक्त लहान अंगातून ती आरपार लवकर निघते, तेवढंच. उलट स्प्रिंगबॉकसाठीची पटकन फुटणारी गोळी विल्डेबीस्टच्या खांद्यावर लागली तर पूर्ण दिवस माग काढण्यात जातो.

.३०-०६ मध्ये १८० ग्रेनची बाँडेड या यादीतल्या सगळ्याला चालते. एलँड हे मात्र फार मोठं जनावर, नर सात-आठशे किलोंच्या पुढे जातो. त्यासाठी .३७५ एच अँड एच योग्य. रानरेड्यासाठी, म्हणजे तिकडच्या केप बफेलोसाठी, आफ्रिकेतल्या बऱ्याच ठिकाणी .३७५ हीच किमान मर्यादा मानली जाते. त्यात ३०० ग्रेनची ए-फ्रेम किंवा तशीच मजबूत गोळी घ्यावी आणि पुढच्या बारांना न फुलणारी सॉलिड ठेवावी की नाही ते तिथल्या व्यावसायिक शिकाऱ्याला विचारावं. त्याचं ऐकावं, इंटरनेटवरच्या माझ्यासारख्याचं नाही.

आफ्रिकेतल्या काळविटांचं हृदय आपल्या अंदाजापेक्षा पुढे आणि खाली असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांशात. हे चुकलं तर कोणतीही गोळी वाचवत नाही.

गोळीने मारलेलं जनावर हलाल ठरतं का?

मौलवींना विचारा. तो माझा प्रांत नाही.

लांब पल्ल्याला बाँडेड चांगली का?

इथे जरा थांबा. गोळी फुलायला किमान वेग लागतो. मजबूत गोळीला तो जास्त लागतो. ॲक्यूबाँडसाठी कंपनी सेकंदाला १,८०० फूट सांगते. .३०८ मधून निघालेली गोळी चारशे यार्डांच्या पुढेमागे त्या रेषेजवळ येते. त्याखाली ती नीट फुलेल याची खात्री उरत नाही. लांब पल्ल्यासाठी त्याच कंपनीची वेगळी, १,३०० फुटांवर फुलणारी बाँडेड गोळी आहे. ती जवळच्या बाराला मात्र जास्त मऊ पडते. दोन्ही टोकांना एकच गोळी उत्तम चालत नाही.

न्यूझीलंडला डोंगराच्या एका धारेवरून समोरच्या धारेवर ताहर (डोंगरी रानबकरा) मारण्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. वाऱ्याचा हिशोब येत नसेल तर तीनशे यार्डांच्या आत या. चित्रफितीत हुकलेले बार दाखवत नाहीत.

पूर्ण तांब्याची गोळी की बाँडेड?

१९८९ मध्ये बार्न्स कंपनीने एक्स गोळी आणली. ती अख्खी तांब्याची, शिसं नाहीच, म्हणून गाभा सुटण्याचा प्रश्नच नाही. वजन जवळजवळ पूर्ण राहतं. खोली जास्त, फुलणं थोडं कमी, आणि वेग हवा असतो. म्हणून तांब्याची गोळी घेताना वजन एक पायरी कमी घेतात.

निवड बरेचदा कायदा करतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्य प्राणी मारायला शिशाची कोणतीही गोळी चालत नाही, बाँडेडही नाही. कारण काँडोर गिधाडं. शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी खाऊन त्यांच्या पोटात शिशाचे कण जात. आपल्याकडे म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडांची वस्ती आहे, त्यांच्यावर आलेलं संकट गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचं होतं. विष वेगळं, पण वाट तीच, मेलेल्या जनावराच्या मांसातून.

माणसाच्या ताटाचाही विचार करा. साधी गोळी फुटते तेव्हा शिशाचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांब मांसात जातात, डोळ्याला दिसत नाहीत. बाँडेडमध्ये ते बरेच कमी, पण शून्य नाही. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर मी सरळ तांब्याची गोळी घे म्हणतो.

डुकरांनी भात उपटून टाकल्यानी. आमच्या बारा बोअराक ही बॉन्डेड गोळी गावतली काय?

नाय गावाची, आणि गरजही नाही. आपण इथे ज्या गोळीबद्दल बोलतोय ती आटे असलेल्या रायफलीची. तुमची बारा बोअर सपाट नळीची आहे. अमेरिकेत आटे असलेल्या शॉटगनसाठी बाँडेड स्लग मिळतात, पण त्या तुमच्या बंदुकीसाठी नाहीत. इथे परवानाधारक दुकानात खडकीच्या कारखान्याची काडतुसं मिळतात, तुमच्या परवान्यावर जितकी लिहिली आहेत तितकीच घ्यायची. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये तर प्रामाणिक पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, कोकणातल्या कितीतरी घरांत तीच आहे.

बंदूक आहे म्हणून डुक्कर मारायची परवानगी आहे असं होत नाही. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो, जनावराची परवानगी वनविभागाकडून. दोन कागद, दोन कार्यालयं. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा, नुकसानीचे फोटो जोडा, पंचनामा करून घ्या. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता ठरतं. ते वनविभागाच्या ताब्यात द्यायचं, वाटे घालायचे नाहीत. आणि फासकी, विजेची तार, गावठी बॉम्ब यांच्या वाटेला कधीही जाऊ नका. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच आपण, आणि तारेला माणूस लागतो.

बार टाकायची परवानगी नसेल तर नुकसानभरपाईचा अर्ज तरी भरा. रक्कम मनासारखी नसते, पण पुढच्या वर्षी परवानगी मागताना हीच कागदपत्रं उपयोगी पडतात.

.३१५ रायफलीचा परवाना आहे. तिला कोणती गोळी चांगली?

इच्छापूरच्या कारखान्याची .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे परवान्यावर मिळते. तिचं काडतूस २४४ ग्रेनच्या सॉफ्ट नोज, म्हणजे नाकाला शिसं उघडं असलेल्या, गोळीचं असतं. गोळी जड, वेग मध्यम. अशा जोडीत साध्या गोळीला फुटायला फारसं कारण नसतं, म्हणजे बाँडेडचा मुद्दाच येत नाही. जे मिळतं ते घ्या. घरी काडतूस भरण्याचा विचार मनातही आणू नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

आजोबांची जुनी विलायती रायफल माळ्यावर आहे. तिच्यात आधुनिक गोळी चालेल?

गोळीचं नंतर बघू. परवाना आजोबांच्या नावावर होता ना? माणूस गेला की त्याचा परवानाही संपतो. रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. .३०३ सारखी बोअर निषिद्ध वर्गात येते, तिचा मामला आणखी वेगळा.

रायफल कायदेशीर झाली तरी तिच्यातून बार टाकण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या. चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा यांनी नळीला आतून खड्डे पडलेले असतात, लाकडी दस्ता फुगलेला असतो. कापडी किंवा चामडी म्यानात बंदूक ठेवणं म्हणजे ओल धरून ठेवणं. पावसाळ्यात ती म्यानाबाहेर काढून तेलाचा हात फिरवून ठेवावी, कुलूप लावून.

बाँडेड गोळीचा नेम कमी लागतो म्हणतात.

थोडं तथ्य आहे. जोडकामात गोळी तापते, जॅकेट मऊ होतं, आणि दोन धातूंचा समतोल अगदी नेमका राखणं कठीण जातं. स्पर्धेच्या गोळीइतका बारीक गट, म्हणजे ठोसे इतके जवळजवळ पडणं, बाँडेडकडून मागू नका. पण शंभर यार्डांवर दीड इंचात बसणारी गोळी मोठ्या जनावराला भरपूर आहे.

प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा घेऊन बघा आणि जी बसेल तिच्यावरच दुर्बीण लावून घ्या. सराव स्वस्त गोळीवर आणि शिकार महाग गोळीवर करायची असेल तर निघण्याआधी महाग गोळीने पुन्हा नेम तपासा. दोन्हींचे ठोसे एका जागी पडतातच असं नाही. आणि परदेशात स्वतः काडतूस भरणाऱ्यांनी एका गोळीचा दारूचा तक्ता दुसऱ्या गोळीला जसाच्या तसा लावू नये. खालून सुरुवात करावी.

जनावरात सापडलेली गोळी बघून काय कळतं?

बरंच. धुऊन, वाळवून वजन करा. १८० ग्रेनची साधी गोळी बरेचदा शंभराच्या आसपास उतरते, बाँडेड सव्वाशे ते दीडशेच्या पुढे, ए-फ्रेमसारखी त्याहून जास्त. मग व्यास मोजा, मूळच्या दुपटीजवळ असेल तर ती छान फुलली. एका बाजूलाच दुमडलेली दिसली तर ती तिरकी शिरली किंवा वाटेत फांदीला लागली असेल. अजिबात फुललेली नसेल तर लागताना वेग कमी होता, पुढच्या वेळी अंतर कमी करा किंवा मऊ गोळी घ्या.

मात्र एक गंमत आहे. आपल्या हाती येतात त्या आत अडकलेल्या गोळ्या. ज्या आरपार गेल्या, म्हणजे ज्यांनी काम सर्वात चांगलं केलं, त्या मातीत जातात. त्यामुळे फोटोतल्या सुंदर फुललेल्या गोळ्यांच्या रांगेवरून निष्कर्ष काढताना जपून. त्यापेक्षा जनावर किती पावलं चाललं आणि रक्ताचा माग कसा होता याची वही ठेवणारा शिकारी मला जास्त भरवशाचा वाटतो.

ती गोळी किंवा एखादं काडतूस आठवण म्हणून गावी आणू का?

नको. जिवंत काडतूस सामानात सापडलं तर मुंबई विमानतळावरच शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो, "बॅगेच्या खणात राहून गेलं" म्हटलं तरी पुढचं सगळं कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. रिकामी पुंगळी आणि फुललेली गोळी यांवरूनही तपासणीत अडवतात, तासन्‌तास चौकशी होते आणि पुढची गाडी चुकते. कातडी, शिंगं, मांस यांना परवानग्या लागतात, त्याही वाटेला जाऊ नका. शिकारीला नेलेली बॅग प्रवासाला वापरायचीच असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री ती पूर्ण उलटी करा, अस्तराच्या आतल्या खणांसकट.